प्लंबर: शब्द शिशाचा, काम सवाबाचं

शाळेत फॉर्म भरून घेत होतो. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी सातवीतला एक मुलगा अडला. हळूच म्हणाला, "सर, प्लंबर लिहू की खाजगी नोकरी?" वडील नळाचं काम करतात हे लिहायची त्याला लाज वाटत होती. मग त्या तासाला मी धडा बाजूला ठेवला आणि या शब्दाचीच गोष्ट सांगितली.

प्लंबर हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण त्याचं मूळ लॅटिन आहे. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात. रसायनशास्त्रातली शिशाची खूण 'पीबी' यावरूनच आली. प्राचीन रोममध्ये पाण्याचे बरेच नळ शिशाचे असत. शिशाचं काम करणारा तो 'प्लंबारियस'. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्लंडात पोचला. तिथला प्लंबर चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे बसवायचा, पन्हाळी आणि नळही करायचा. गंमत म्हणजे इंग्रज 'प्लमर' म्हणतात, त्यातला 'ब' गिळतात. आपण मात्र तो स्पष्ट उच्चारतो.

या कामाची किंमत कारागिरांनी शरीराने मोजली. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस लिहितो की शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळातलं पाणी आरोग्याला चांगलं. पुरावा म्हणून तो शिशाचं काम करणाऱ्यांच्या फिकट पडलेल्या रंगाकडे बोट दाखवतो.

आपल्याकडे नळ येण्याआधी पाठीवर मशक घेऊन घरोघरी पाणी पोचवायचा तो भिश्ती. हा शब्द फारसी 'बहिश्त'वरून आला. बहिश्त म्हणजे जन्नत. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत हरलेल्या हुमायूँला गंगेत बुडताना वाचवलं ते एका भिश्तीनेच. बादशहाने उपकार फेडायला त्याला थोडा काळ तख्तावर बसवलं, असं त्या काळच्या आठवणींत नोंदलेलं आहे.

म्हणजे नाव आपण जन्नतचं दिलं. वागणूक कोणती दिली? तहानलेल्याला पाणी पाजणं मोठा सदका, हे आपण बयानात ऐकतो. इस्लाममध्ये जातपात नाही, हेही ऐकतो. आणि सोयरीक जुळवताना मात्र विचारतो, "ते भिश्ती ना?" त्या मुलाची लाज इथूनच आली आहे.

तास संपायच्या आधी त्याने रकान्यात 'प्लंबर' लिहिलं. त्याच्या बाजूने गोष्ट मिटली. आपल्या बाजूने अजून मिटायची आहे.