ओरत्तनाडूचे छत्र आणि फुकटचा नमुना

तंजावराहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वरास निघालेल्या यात्रेकरूंची पावले पूर्वी याच बाजूने पडत. दुसरे सरफोजी महाराज यांनी आपली दिवंगत सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास तेथे अन्नछत्र उभारले, आणि गावास मुक्तांबापुरम् असेही नाव मिळाले. दर्शनी भागी हत्ती व घोडे कोरून सबंध वास्तूस रथाची कळा आणलेली आहे. त्या शिल्पाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. छत्राच्या वहिवाटीकडे मात्र त्या मानाने थोड्यांचे लक्ष गेले.

ही वहिवाट मोठ्या तपशिलाने कळते, त्यास कारण एक राजकीय आपत्ती झाली. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला, आणि महाराजांकडे किल्ला, तनखा व वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. छत्रांना तोडून दिलेले उत्पन्न आता टिकते की बुडते, ही चिंता उभी राहिली. तेव्हा १८०१ च्या जानेवारीत महाराजांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस पत्र लिहून राज्यातील छत्रांत काय काय चालते ते निवेदन केले. ब्राह्मणापासून परियापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्यास भात मिळे. शिजलेले अन्न ज्यास चालत नसे त्यास कोरडा शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असा पुकारा होई. आजारी वाटसरूस बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. सर्पदंशावर उपाय करणारे वैद्य नेमलेले असत. परदेशी वाटसरूंची पोरकी झालेली मुले पंतोजींच्या हवाली करीत. त्यांस दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा अंगास तेल, कपडे, आवडीची विद्या, आणि पुढे लग्नाचा खर्चदेखील छत्रातून होई. बाळंत झालेल्या स्त्रीची काळजीही छत्रच वाहत असे.

हा सगळा खर्च आकाशातून पडत नव्हता. छत्रांना गावे लावून दिलेली होती, आणि त्या गावांच्या उत्पन्नावर ती चालत. म्हणजे वाटसरूच्या पानातील भात शेवटी कावेरीकाठच्या कुळाच्या घामाचाच होता. दात्याच्या पदरातही पुण्य पडे, कीर्ती पडे. महाराजांनी ते लपविले नाही. कोण देतो, कशातून देतो आणि कशासाठी देतो, या तिन्ही गोष्टी उघड होत्या. तंजावरच्या मोडी दप्तरात छत्रांचे हिशेब सापडतात ते उगीच नव्हे. घेणाऱ्याकडून उलट काही मागण्याची रीत मात्र त्या वहिवाटीत कोठे दिसत नाही.

ज्यास ही जुनी वहिवाट ठाऊक आहे, त्यास पुढल्या काळातील ‘फुकट’ ओळखणे जड जाऊ नये. १८७७ साली हिंदुस्थानात टपाल खात्याने व्ही. पी. ची सोय सुरू केली. सोय उत्तम होती, परंतु लबाडांनीही ती हेरली. कोडे सोडवा आणि ट्रान्झिस्टर जिंका, अशा जाहिराती कित्येक घरांनी वाचल्या. कोडे पोरासही सुटेल असे, बक्षीस हमखास, आणि पोस्टमनच्या हाती ठेवावयाची रक्कम आतल्या वस्तूहून भारी.

सांप्रत तीच युक्ती भ्रमणध्वनीवर येते. एखाद्या नामांकित कंपनीचे चिन्ह लावून निरोप धाडला जातो की, नव्या मिक्सरच्या किंवा फोनच्या चाचणीसाठी आपली निवड झाली आहे. वापरून अभिप्राय द्यावा आणि वस्तू ठेवून घ्यावी. केवळ पोचविण्याचा खर्च म्हणून थोडे रुपये भरावयाचे असतात, आणि त्यासाठी कार्डाचा क्रमांक द्यावयाचा असतो. ते थोडे रुपये हा केवळ बहाणा; खरा डोळा त्या क्रमांकावर. पुढे खात्यातून परस्पर रकमा जाऊ लागतात. दुसऱ्या प्रकारात प्रथम वस्तूंना तारे देण्याबद्दल शेदोनशे रुपये खरोखरच जमा होतात. विश्वास बसला की मोठ्या कामासाठी अनामत मागितली जाते, आणि ती परत येत नाही. यास बळी पडणारा नेहमी लोभीच असतो असे समजणे अन्यायाचे आहे. नोकरीच्या शोधातील तरुण आणि घरबसल्या चार पैसे मिळवू पाहणारी गृहिणी यांसच असले निरोप खरे वाटतात, आणि फसल्यावर शरमेने तीच गप्प बसतात.

खऱ्या कंपन्याही चाचणीसाठी नमुने वाटतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेथे परीक्षकाने पैसे भरावयाचे नसतात. ९ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ‘फुकट’ या शब्दास मर्यादा घातली आहे: प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू आणण्याचा किंवा पोचविण्याचा अटळ खर्च एवढाच ग्राहकावर पडावा, बांधणी, हाताळणी असल्या नावाखाली आकारणी करून वस्तूस फुकट म्हणता येत नाही. तेव्हा पोचविण्याचा खर्च मागितला एवढ्यावरून कोणास लबाड ठरविता येणार नाही. वस्तू दाराशी आल्यावर तो रोख घेण्यास मागणारा तयार आहे काय, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या चाचणीचा उल्लेख आहे काय, आणि बँकेचा ओ. टी. पी. त्यास कशास हवा, हे विचारावे. यु. पी. आय. चा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना लागत नाही. बक्षीस जमा करण्यासाठी पिन मागणारा पैसे काढण्यासाठीच आलेला असतो.

रक्कम गेलीच, तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविला जातो, आणि वाटेत कोठे गोठविता आला तरच परत मिळण्याची आशा असते.