'हीड', आजी आणि शिरूरची छावणी

मागच्या आठवड्यात शांघायच्या टीमबरोबर कॉल चालू होता. क्लायंटच्या मेलमध्ये एक भारदस्त वाक्य होतं: आमचा सल्ला 'हीड' करावा. तिकडच्या मुलीने विचारलं, "हे 'लिसन'च ना? मग वेगळा शब्द कशाला?" चिनी भाषेत म्हणे 'थिंग' म्हणजे ऐकणं, आणि 'थिंग-ह्वा' म्हणजे सांगितलेलं ऐकणारा, अर्थात आज्ञाधारक.

शेजारी बसलेला आमचा दौंडचा मित्र खुश! "अरे, आमची आजी हेच म्हणते. 'हे पोर ऐकत नाही.' पोराचे कान चांगले ठणठणीत असतात!"

खरंच की. मराठीतही ऐकणं आणि मानणं एकाच शब्दात बसतं. इंग्रजीतल्या 'ओबे'च्या पोटातही लॅटिनमधलं ऐकणंच दडलेलं आहे. 'हीड'चं कूळ मात्र वेगळं. त्याचा मूळ अर्थ लक्ष देणं, जपणं. राखण करणं या अर्थाचा जर्मन 'ह्यूटेन' त्याचा भाऊबंद. म्हणजे सल्ला नीट तोलायचा, आणि पटला तर त्याप्रमाणे वागायचं. निर्णय आपला.

पण सल्ला देणाऱ्याची फौज दाराशी उभी असेल तर?

हे सुचलं ते शिरूरमुळे. नगर रोडने जाताना आपण मिसळ खायला थांबतो, तेच घोडनदीकाठचं शिरूर. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. कंपनीचं किमान 6 हजार पायदळ ठेवून घ्यायचं, खर्चापोटी 26 लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. आणि गोम अशी, की कंपनीला आधी कळवून, तिच्याशी विचारविनिमय केल्याशिवाय कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत.

भाषा बघा किती सभ्य! 1799 च्या म्हैसूरच्या आणि 1801 च्या अवधच्या तहांतही असाच मजकूर आहे: कंपनीच्या सल्ल्याकडे राजाने लक्ष द्यावं, त्याप्रमाणे वागावं. 'हुकूम' हा शब्द टाळलेला. पण पेशव्यांच्या खर्चाने पोसलेल्या त्या फौजेची छावणी पडली शिरूरला, पुण्यापासून दोन-तीन मजलांवर.

पुढे 1815 मध्ये पंढरपूरला गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टनचा 'सल्ला' आला: त्रिंबकजी डेंगळ्यांना आमच्या ताब्यात द्या. बाजीरावाने टाळाटाळ करून शेवटी दिलं. त्रिंबकजी ठाण्याच्या कैदेतून निसटले, तेव्हा मे 1817 मध्ये मागणी आली, की महिन्याभरात त्यांना पकडून द्या आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड तारण ठेवा. सल्ल्याला मुदत आणि तारण? हा कसला सल्ला!

बाजीराव काही फार शहाणा राज्यकर्ता नव्हता, त्याची वकिली मला करायची नाही. पण 'नाही' म्हणण्याची सोय त्याने वसईलाच गहाण टाकली होती. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीला तो लढला आणि हरला. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी याच शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि सकाळी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. तारीख बघितलीत? वसईच्या तहाला बरोबर 15 वर्षं. (त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या दृष्टीने त्या लढाईचा अर्थ फार वेगळा आणि मोठा आहे. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.) जून 1818 मध्ये बाजीराव शरण गेला आणि पेन्शन घेऊन बिठूरला राहिला.

गंमत म्हणजे या फौजेचा एक अधिकारी, कर्नल वॉलेस, 1809 मध्ये शिरूरला वारला, आणि 1885 च्या पुणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे की लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणून भजत. छावणी गेली, सत्पुरुष मागे राहिला!

असो. शांघायला मी उत्तर पाठवलं: ज्या सल्ल्याला 'नाही' म्हणता येतं, तोच 'हीड' करता येतो, बाकीच्यासाठी तुमचा 'थिंग-ह्वा' बरा. तिने स्मायली पाठवली आणि खाली विचारलं, "मग क्लायंटचा सल्ला कुठल्या प्रकारचा?"

दौंडकर म्हणाला, "शिरूरच्या."