गल्लियोचा शिलालेख आणि पौलाचा कालनिर्णय

पौलाने आपल्या एकाही पत्रावर साल घातलेले नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, आपण तीन वर्षांनी आणि पुढे चौदा वर्षांनी यरुशलेमेस गेलो, एवढेच तो सांगतो. अशा सुट्या आकड्यांना टांगण्यास खुंटी हवी. ती मिळाली डेल्फीला, अपोलोच्या क्षेत्री.

तेथील एका फुटक्या शिलालेखाचे तुकडे एमिल बुर्गे यांनी १९०५ साली प्रसिद्ध केले. हे सम्राट क्लॉडियसचे पत्र. विषय निव्वळ दप्तरी : डेल्फीची वस्ती रोडावली आहे, बाहेरचे लोक आणून वसवावेत. ही माहिती कळवणारा म्हणून सम्राट आपला मित्र, प्रोकॉन्सल गल्लियो, याचे नाव घेतो. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या १८व्या अध्यायात करिंथच्या यहुद्यांनी पौलाला ज्याच्या न्यायासनापुढे उभे केले तो हाच, तत्त्वज्ञ सेनेकाचा थोरला भाऊ.

सम्राटाला विजयानिमित्त ‘इम्पेरातोर’ हा जयघोष किती वेळा मिळाला, ही संख्या अशा पत्रांच्या आरंभी कोरलेली असे. येथे ती २६ आहे. रोमच्या एका जलवाहिनीवरील लेखात ती २७ आहे, आणि फ्रोंटिनुसच्या नोंदीनुसार त्या जलवाहिनीचे लोकार्पण १ ऑगस्ट ५२ रोजी झाले. पत्र त्याआधीचे ठरते. प्रोकॉन्सलची मुदत सामान्यतः एक वर्षाची आणि उन्हाळ्यात सुरू होणारी. म्हणून गल्लियोचा काळ बहुधा ५१-५२. हा पुरावा मूल्यवान वाटतो तो याचसाठी, की तो कोरणाऱ्याला पौलाशी काहीच कर्तव्य नव्हते.

दुसरा पुरावा इतका निर्मळ नाही. क्लॉडियसने यहुद्यांना रोमबाहेर घालवले म्हणून अक्विला आणि प्रिस्किल्ला नुकतीच करिंथला आली होती, असे ‘कृत्ये’ सांगते. या घटनेचे ४९ हे साल पाचव्या शतकातील ओरोसियस देतो, तेही जोसेफसच्या हवाल्याने. जोसेफसच्या उपलब्ध ग्रंथांत मात्र ते नाही. गल्लियोशी हे साल छान जुळते, पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

आता मागे मोजू. करिंथमधील पौलाचा दीड वर्षाचा मुक्काम ५०च्या सुमारास सुरू झाला आणि यरुशलेमची बैठक त्याआधी, ४८ किंवा ४९ मध्ये झाली, असे धरू. चौदांत तीन मिळवले तर पौलाचे परिवर्तन ३१-३२ मध्ये येते. येशूचा वधस्तंभ ३० सालचा मानणाऱ्यास हे चालेल. ३३ मानणाऱ्यास अशक्यच. परंतु चौदांतच तीन धरले, किंवा अपुरे वर्षही पूर्ण मोजण्याची प्राचीन रीत लक्षात घेतली, तर परिवर्तन ३४-३६ पर्यंत पुढे सरकते. सगळा वाद गलतीकरांच्या पत्रातील ‘नंतर’ या शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो.

पौलाचा स्वतःचा शब्द ‘कृत्ये’हून अधिक प्रमाण, हे अभ्यासकांचे सूत्र आम्हांलाही मान्य आहे. अडचण एवढीच, की पौल आपल्या पत्रांत गल्लियोचे नावही घेत नाही. खुंटी ‘कृत्ये’च्या भिंतीत आहे, आणि तिला टांगायचे आकडे पत्रांतले.