इंधनाचा उघडा हिशेब

जळणाची पारख पूर्वीच्या गृहिणीला कोणी शिकवावी लागत नसे. वखारींतून आलेलें लाकूड ओलें आहे कीं सुकें, त्याचा निखारा पडतो कीं नुसता धूरच होतो, हें ती पहिल्या दोन ढलप्यांतच ओळखी; आणि वखारवाल्यानें कितीही चोख तोलून दिलें, तरी ओल्या लाकडाला ती सुक्याचा भाव देत नसे. वजन तेंच, पण आंच निराळी, हें तिला पुरतें ठाऊक होतें. हीच पारख प्रचंड वीजघरांना लावून त्यांच्या जळणाचा महिनेवार हिशेब सरकारनें मागावा व तो लोकांपुढें ठेवावा, असा उपक्रम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ सालीं सुरू झाला. ज्या कागदावर हा हिशेब भरून द्यावयाचा, त्याचें नांव अगदीं रुक्ष होतें: नमुना क्रमांक ४२३. परंतु त्याच्या रकान्यांमागें दीर्घ काळचा झगडा उभा आहे.

वीजकंपनी ही चार दुकानांतलें एक दुकान नव्हे. एका शहरांत दोन कंपन्यांनीं दुहेरी तारा ओढणें परवडत नाहीं. म्हणून एकीलाच मक्ता मिळतो, आणि 'तुमची वीज महाग आहे, दुसरीकडून घेतों' असें म्हणण्याची सोय ग्राहकाला उरत नाहीं. मक्ता द्यावयाचा तर दरावर लोकांचा अंकुश हवा, या विचारानें १९०७ सालीं न्यूयॉर्क व विस्कॉन्सिन या संस्थानांनीं वीजकंपन्यांवर नियामक आयोग नेमले, आणि इतरांनींही तोच मार्ग धरला. मात्र दर ठरवावयाचा तर खर्च कळला पाहिजे. आणि खर्च सांगणारी असे ती कंपनीच.

या अडचणीचें उग्र रूप १९३२ सालीं दिसलें. सॅम्युअल इन्सल यानें एकीवर एक रचलेल्या धारक कंपन्यांचा डोलारा त्या वर्षीं कोसळला आणि त्यांचे रोखे घेतलेल्या असंख्य सामान्य कुटुंबांची पुंजी बुडाली. वीजधंद्यांतील हिशेबांची चौकशी १९२८ पासून चाललेलीच होती. तिची परिणति १९३५ च्या कायद्यांत झाली. नद्यांवरील जलविद्युतेचे परवाने देण्याकरितां १९२० सालीं स्थापन झालेल्या फेडरल पॉवर कमिशनकडे आतां संस्थानांच्या सीमा ओलांडून होणाऱ्या घाऊक वीजविक्रीचे दर आले, आणि कंपन्यांनीं हिशेब कोणत्या पद्धतीनें ठेवावे हें सांगण्याचा अधिकारही आला. हिशेब ही कंपनीची खासगी बाब नाहीं, हें तत्त्व येथें कायद्यानें मान्य केलें.

तरीही इंधनाचा बारकाईनें हिशेब मागण्याची निकड पुढें दोन कारणांनीं उत्पन्न झाली. पहिलें कारण हवा. १९७० च्या अखेरीस स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, आणि १९७१ च्या डिसेंबरांत नवीन वीजघरांसाठीं नियम निघाला: कोळशापासून मिळणाऱ्या दर दहा लक्ष उष्णता-एककांमागें १.२ रत्तलांहून अधिक सल्फर डायॉक्साइड हवेंत सोडतां कामा नये. हें उष्णतेचें एकक म्हणजे एक रत्तल पाणी एक अंश फॅरनहाइटनें तापविण्यास लागणारी उष्णता होय. दुसरें कारण तेल. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला, आणि पिंपामागें सुमारें तीन डॉलर असलेला भाव कांहीं महिन्यांतच बारा डॉलरांच्या घरांत गेला.

नमुना ४२३ या दोन घटनांच्या उंबरठ्यावर जन्मला. २५ मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या औष्णिक वीजघरांना तो लागू झाला. १९८३ पासून ही मर्यादा ५० मेगावॅट झाली. महिन्याभरांत आलेलें प्रत्येक इंधन कोणतें, किती, कोणाकडून व कोठून आलें. खरेदी दीर्घ मुदतीच्या कराराची कीं बाजारांतील तात्कालिक. त्याची उष्णता किती, गंधक किती, राख किती. आणि वीजघराच्या दारांत पोंचेपर्यंत किंमत काय पडली, इतकें त्यांत लिहावें लागे.

हे रकाने वेगवेगळे निरर्थक आहेत. एकत्र ठेवले म्हणजेच ते बोलूं लागतात. समजा, एका वीजघरानें पूर्वेकडील कोळसा टनामागें २५ डॉलरांनीं घेतला व दुसऱ्यानें पश्चिमेकडील २० डॉलरांनीं. दुसरा स्वस्त दिसतो. पण पहिल्याच्या एका रत्तलांत १२,५०० एककें उष्णता असेल आणि दुसऱ्याच्या रत्तलांत ८,५००, तर दोन हजार रत्तलांच्या अमेरिकन टनाचा हिशेब करतां पहिल्याची दहा लक्ष एककें १०० सेंटांना पडतात आणि दुसऱ्याची सुमारें ११८ सेंटांना. स्वस्त टन महाग ठरला! म्हणूनच सरकारी अहवालांत किंमत टनावर न थांबतां दहा लक्ष एककांमागें दिली जाते.

गंधकाचेंही तसेंच. जळतांना एका रत्तल गंधकाचा दोन रत्तल सल्फर डायॉक्साइड होतो, तेव्हां १.२ रत्तलांच्या मर्यादेंत दहा लक्ष एककांमागें ०.६ रत्तल गंधक बसतो. तितकी उष्णता मिळविण्यास पहिला कोळसा ८० रत्तल जाळावा लागतो, दुसरा सुमारें ११८. म्हणजे पहिल्यांत पाऊण टक्का गंधक चालेल. दुसऱ्यांत अर्ध्या टक्क्याच्या किंचित्‌ वर गेला कीं मर्यादा ओलांडली. राखेची गोष्ट याहून सोपी: ती जळत नाहीं, पण तिचें रेल्वेभाडें भरावें लागतें आणि मागाहून ती टाकण्याचा खर्चही सोसावा लागतो.

या आंकड्यांशीं ग्राहकाचा संबंध बिलाच्या वाटेनें येतो. इंधन महागलें कीं दरवाढीची रीतसर सुनावणी न होतां तो बोजा ग्राहकावर टाकण्याची मुभा देणारें कलम अनेक संस्थानांत होतें. महाराष्ट्रांतील श्रोत्यांनींही वीजबिलावर 'इंधन समायोजन आकार' ही ओळ पाहिली असेल. तिचें तत्त्व हेंच. या कलमांत न्याय आहे, तसा मोहही आहे. महाग इंधनाचा पैसा आपोआप वसूल होत असेल, तर घासाघीस कोण करणार? आणि कोळशाची खाण वीजकंपनीच्याच मालकीची असेल, तर विकणारा व घेणारा एकच. भाव मात्र तिसऱ्याच्या खिशांतून. म्हणून १९७८ च्या कायद्यानें अशा कलमांची वेळोवेळीं तपासणी आवश्यक केली. अशा वेळीं शेजारच्या वीजघरानें त्याच महिन्यांत तसाच कोळसा काय भावानें घेतला, हें दाखविणारा उघडा कागद हाताशीं असणें, हें तपासणाऱ्याचें मोठें बळ होय.

१९७७ सालीं फेडरल पॉवर कमिशन जाऊन त्याच्या जागीं फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन आलें, आणि आंकडे गोळा करून प्रसिद्ध करण्यासाठीं एनर्जी इन्फर्मेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हें स्वतंत्र खातें निघालें. त्याच्या अहवालांना इतर अधिकाऱ्यांची पूर्वसंमति लागूं नये, अशी तरतूद कायद्यांतच केली गेली. पुढें आम्लवर्षा रोखण्यासाठीं १९९० सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आणि १९९५ पासून ११० वीजघरांवर पहिला निर्बंध आला. तेव्हां वायोमिंगकडील अल्पगंधक कोळसा पूर्वेकडे कसा सरकत गेला, हें याच महिनेवार आंकड्यांतून दिसलें.

इतक्यांत या व्यवस्थेला अनपेक्षित छिद्र पडलें. शतकाच्या अखेरीस कित्येक संस्थानांनीं वीजधंद्यांत स्पर्धा आणली, आणि जुन्या कंपन्यांनीं आपलीं वीजघरें स्वतंत्र मालकांना विकलीं. नमुना ४२३ मक्तेदार कंपन्यांसाठीं होता. नव्या मालकांना तो लागू नव्हता. धुराडें तेंच, कोळसा तोच. पण मालक बदलतांच हिशेबाच्या वहींतून त्या वीजघराचें पान नाहींसें झालें! ही उणीव भरून काढण्यासाठीं २००२ सालीं स्वतंत्र मालकांकरितां निराळा नमुना निघाला, आणि २००८ पासून दोन्ही एकत्र होऊन नमुना क्रमांक ९२३ अमलांत आला.

पण भरपाई पुरती झाली नाहीं. मक्तेदार कंपनीच्या वीजघराला जळण काय भावानें पडलें, हें कोणालाही वाचतां येतें. स्वतंत्र मालकाचा भाव मात्र सरकारला कळतो आणि लोकांना केवळ एकत्रित सरासरींत मिळतो. त्यांचा युक्तिवाद असा, कीं स्पर्धेंत आपली खरेदी-किंमत उघड झाली, तर कोळसा विकणारा तिच्याखालीं येणार नाहीं, आणि प्रतिस्पर्धी आपल्यावर मात करील. हा युक्तिवाद टाकाऊ नव्हे. मक्ता नसलेल्या व्यापाऱ्याला आपली वही झांकून ठेवण्याचा हक्क असतो. परंतु विजेचें बटण दाबणाऱ्या घराला ती वीज मक्त्याची कीं स्पर्धेची, याचा पत्ता नसतो; आणि स्पर्धा खरी आहे कीं नांवाची, हें ठरवावयाचें तर पुन्हां भावच पाहावे लागतात.

भाव झांकला गेला, तरी उष्णता, गंधक व राख हे आंकडे स्वतंत्र वीजघरांचेही उघडेच राहिले. हवा सर्वांची आहे आणि तिच्यांत काय मिसळतें हें कोणाचें व्यापारी गुपित होऊं शकत नाहीं, एवढें तरी कायद्यानें मानलें. पैशाच्या रकान्याविषयींचा वाद मात्र तेथें मिटलेला नाहीं. आणि जेथें जेथें इंधनाचा बोजा ग्राहकाच्या बिलावर येतो, तेथें तेथें तो कधीं ना कधीं उपस्थित होणारच.