लुकानियाचे सॉसेज : एका ‘हलक्या’ जेवणाचा इतिहास

पाककृतींच्या पुस्तकांतून आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांतून ‘हलके’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. इटालियन पद्धतीचे, सॉसेज घातलेले, पोटभरीचे आणि तरीही हलके जेवण घरच्या घरी करा, असे आवाहन आपण वारंवार वाचतो. साहित्याच्या अभ्यासकांनी अशा वाक्यापाशी थांबण्याचे कारण काय, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, विशेषणांनाही इतिहास असतो. ‘पोटभरीचे’ आणि ‘हलके’ ही दोन विशेषणे एकाच ताटाला लावण्याची चैन कुणाला परवडली आणि कुणाला परवडली नाही, याची कथा या एका पदार्थात दडलेली आहे.

प्रारंभ नावापासून करू. इटलीच्या दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशाचे, आजच्या बाझिलिकाताचे, प्राचीन नाव लुकानिया. तेथील लोकांकडून रोमन सैनिक आतड्यात मांस भरण्याची एक रीत शिकले आणि म्हणून त्या पदार्थास ‘लुकानिका’ म्हणतात, अशी व्युत्पत्ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील पंडित व्हारो याने आपल्या लॅटिन भाषेवरील ग्रंथात नोंदवली आहे. पुढच्या शतकात कवी मार्शल याने भेटवस्तूंवर द्विपद्या लिहिल्या. त्यांतील एकीत लुकानिका स्वतःच बोलते आणि आपले कुळ सांगते. आपिकियुसच्या नावावर असलेल्या पाकग्रंथात तिची कृतीही आहे. बारीक कुटलेल्या मांसात मिरी, जिरे, औषधी पाने, माशांपासून केलेला खारट रस, चरबी आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया मिसळायच्या, ते मिश्रण आतड्यात भरायचे आणि धुरात टांगायचे.

जिंकलेल्या प्रदेशाचे नाव अशा रीतीने जेत्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि साम्राज्य लयास गेल्यावरही तेथेच राहिले. उत्तर इटलीत ‘लुगानेगा’, ग्रीसमध्ये ‘लुकानिको’, बल्गेरियात ‘लुकांका’, स्पेनमध्ये ‘लोंगानिसा’ ही सगळी त्याच शब्दाची रूपे होत. स्पॅनिश सत्तेबरोबर ‘लोंगानिसा’ फिलिपिन्सपर्यंत पोहोचला. इटालियन भाषेतील सर्वसामान्य शब्द मात्र ‘साल्सिच्चा’ आहे. तो ‘खारवलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. एका शब्दात प्रदेशाची आठवण आहे, तर दुसऱ्यात मिठाची; आणि मांस टिकवण्याची गरज हेच या पदार्थाचे मूळ असल्याने दुसरी आठवण अधिक जुनी म्हणावी लागेल. थंडीत एक डुक्कर मारायचे आणि त्याचे मांस वर्षभर पुरवायचे, हे युरोपातील शेतकरी कुटुंबाचे गणित होते. सॉसेज हे त्या गणिताचे उत्तर.

आता जे ‘घरगुती इटालियन जेवण’ म्हणून ओळखले जाते, त्याचे पुस्तक लिहिणारा मनुष्य मुळात साहित्याचा उपासक होता, ही गोष्ट आमच्या वाचकांना रुचावी. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांचा जन्म १८२० साली रोमान्यातील फोर्लिम्पोपोली या गावी झाला. १८५१ साली एका दरोडेखोर टोळीने गाव लुटले, त्यांच्या घरावरही आघात झाला आणि कुटुंब फ्लॉरेन्सला आले. तेथे व्यापारात स्थैर्य मिळाल्यावर त्यांनी कवी उगो फोस्कोलो यांचे चरित्र आणि जुझेप्पे जुस्ती यांच्या पत्रांवरील टिपणे प्रसिद्ध केली. या दोन्ही पुस्तकांकडे फारसे कुणी पाहिले नाही. १८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वखर्चाने तिसरे पुस्तक छापले. स्वयंपाकातील शास्त्र आणि चांगले खाण्याची कला हा त्याचा विषय. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. वाचक पत्रे पाठवत गेले, कृती वाढत गेल्या आणि १९११ साली, म्हणजे आर्तुझींच्या मृत्यूच्या वर्षी, त्यांची संख्या ७९० झाली होती.

या पुस्तकाचे महत्त्व केवळ पाकशास्त्रीय नाही. इटली १८६१ साली एक राष्ट्र म्हणून घोषित झाली तेव्हा तिचे सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते आणि बहुतेकांची घरातली बोली वेगवेगळी होती. एकाच भाजीला गावागणिक निराळे नाव. आर्तुझींनी फ्लॉरेन्सच्या भाषेत, गप्पा माराव्यात अशा सुरात, मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी लिहिले आणि स्वयंपाकघराला एक सामाईक शब्दसंग्रह मिळवून दिला. पिएरो काम्पोरेझी यांनी १९७० साली या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीस प्रस्तावना लिहिताना असे प्रतिपादन केले की, राष्ट्रीय एकीकरणासाठी या पुस्तकाने मान्झोनींच्या महान कादंबरीपेक्षाही अधिक काम केले. विधान धाडसी आहे. परंतु कादंबरी शाळेत वाचली जाते आणि पाकपुस्तक रोज उघडले जाते, हा फरक कोणाही अध्यापकास नाकारता येणार नाही.

आर्तुझींच्या पुस्तकात पचन आणि आरोग्य यांविषयीचे नियमही आहेत, म्हणजे ‘हलके’ खाण्याची चिंता तेथे आधीच उपस्थित आहे. त्याच पुस्तकात द्राक्षे घालून शिजवलेल्या सॉसेजची एक साधी कृती येते. पदार्थ सामान्य लोकांचा आहे हे आर्तुझी कबूल करतात, पण द्राक्षांच्या आंबटगोडीसाठी त्याला जागा देतात. शेतकऱ्याचा पदार्थ मध्यमवर्गीय ताटात आला तो असा, किंचित संकोचाने.

आणि ज्यांचा तो पदार्थ होता, ते? येथे लुकानियाकडे पुन्हा वळावे लागते. १९३५ साली मुसोलिनीच्या राजवटीने तुरिनचे चित्रकार आणि वैद्य कार्लो लेव्ही यांना याच प्रदेशात हद्दपार केले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ख्रिस्त एबोलीपाशीच थांबला’ या ग्रंथात हिवताप, कर आणि उपासमार यांनी पिचलेली खेडी दिसतात. ज्या भूमीने अर्ध्या युरोपाला सॉसेजचे नाव दिले, त्या भूमीच्या शेतमजुराला मांस सणासुदीलाच दिसे. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले. त्यांत दक्षिणेकडील लोकच बहुसंख्य होते. तेथे मांस स्वस्त होते. सणाचे अन्न रोजचे झाले. बडीशेप घातलेले डुकराच्या मांसाचे ताजे सॉसेज तेथे ‘इटालियन सॉसेज’ या नावाने रुळले आणि थाळीतला त्याचा वाटा वाढत गेला. इतिहासकार हासिया डायनर यांनी स्थलांतरितांच्या अन्नावरील आपल्या २००१ सालच्या ग्रंथात हीच उलथापालथ दाखवली आहे.

समृद्धीचा हिशेब पुढे आरोग्याने मागितला. १९५०च्या दशकात अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाचे लक्ष नेपल्सच्या कष्टकऱ्यांच्या आहाराकडे गेले. १९५८ साली त्यांचा सात देशांचा अभ्यास सुरू झाला. २०१० साली युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने खारवलेल्या, धुरावलेल्या व तत्सम प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्ककारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता. ‘हलके’ या विशेषणाला आज जी किंमत आली आहे, ती या पार्श्वभूमीवर.

हलकेपणाचे दोन मार्ग संभवतात. पहिला सॉसेज बदलण्याचा : डुकराऐवजी टर्की वा कोंबडीचे मांस वापरायचे. चरबी कमी होते, परंतु मसाल्याचा गंध वाहून नेणारी आणि मांस ओलसर ठेवणारी चरबीच असल्याने पदार्थ बहुधा कोरडा होतो. दुसरा मार्ग प्रमाण बदलण्याचा. चार माणसांसाठी पाव किलोहून कमी सॉसेज घ्यावे, वरचे आवरण काढून ते कुस्करावे आणि तेल न घालता स्वतःच्याच चरबीत मंद आचेवर तांबूस होऊ द्यावे. जादा चरबी निथळून टाकावी. त्याच भांड्यात लसूण, मग भरपूर हिरवी पालेभाजी किंवा शिजवलेल्या मसूर-घेवड्यासारखी कडधान्ये घालावीत, पास्ता उकळलेल्या पाण्याने सगळे सैल करावे आणि पास्ता मिसळावा. सॉसेज येथे मुख्य अन्नाचे पद सोडून मसाल्याचे काम करते. पुलियातील कडवट पालेभाजीचा पास्ता, टस्कनीतील टोमॅटो-घेवडा, उंब्रियातील मसूर हे सॉसेजच्या जोडीने शिजणारे पदार्थ या रीतीला सहज मानवतात. गोव्यातही पोर्तुगिजांकडून आलेला आणि मिरची-व्हिनेगरने स्वतंत्र झालेला चोरिस कांद्या-बटाट्यात किंवा भातात थोडकाच पडतो आणि सगळे भांडे रंगवतो.

म्हणजे ज्यास आपण नवे, हलके जेवण म्हणतो, ते प्रमाणाच्या दृष्टीने जुनेच आहे. मात्र येथे एक सावधगिरी आम्हांस आवश्यक वाटते. लुकानियाच्या शेतमजुराच्या हंडीत घेवडा अधिक आणि मांस कमी असे, ते त्याने शहाणपणाने निवडले नव्हते. त्याची निवड काय होती, हे त्याने जहाजावर चढून सांगितलेच आहे. त्याच्या वंचनेला ‘पारंपरिक आरोग्यज्ञान’ असे गोंडस नाव देणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. परंतु त्या वंचनेत राहूनही चिमूटभर मांसातून घरभर स्वाद काढण्याचे जे कौशल्य त्या घरांतील स्त्रियांनी कमावले, ते खरे होते, आणि तेच आपण वारसा म्हणून घेऊ शकतो. आपल्यासमोर भरलेले ताट असताना आपण कमी घेतो. त्यांच्यासमोर ते कधी नव्हतेच. पदार्थ एकच असला, तरी ‘हलके’ हा शब्द दोन्ही घरांत एकाच अर्थाने उच्चारता येणार नाही, एवढे भान पाकपुस्तक वाचतानाही असावे.