चोथ्याचे ऋण

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात बाजवा स्थानक ओलांडते. याच परिसरात गुजरात स्टेट फर्टिलायझर्स कंपनीचा खतकारखाना उभा आहे. १९६२ साली कंपनी स्थापन झाली आणि १९६७ साली उत्पादन सुरू झाले. हवेतील नत्र बांधून त्यापासून अमोनिया, व अमोनियापासून युरिया करण्याची ही विद्या. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असते. अन्नटंचाईच्या त्या दशकात या विद्येचे उपकार मोठे झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि नत्राचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो होळकरांच्या इंदुरात घडला. तेथील वनस्पतिसंशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी टाकाऊ पदार्थांचे खत करण्याची पद्धती सिद्ध केली. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ओल राखावयाची, अधूनमधून ढीग उलथावयाचा. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होते. १९३१ साली या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. पुढे ‘इंदूर पद्धती’ जगभर गेली; तिचा प्रथम स्वीकार करणाऱ्यांत केनियातील कॉफीचे मळेवाले होते. हॉवर्ड यांचे नाव सर्वतोमुखी झाले. वाड यांचे मात्र आपणही विसरलो.

कॉफीच्या मळ्याने खत घेतले. मग कॉफीच्या पेल्याने ते परत का करू नये? आपल्या कोंकणी घरांत सकाळ कॉफीच्या वासानेच उजाडते, आणि गाळणीतला चोथा सरळ मोरीत जातो. त्या चोथ्यात, वाळल्यावर, शेकडा सुमारे दोन भाग नत्र असते. युरियाशी त्याची बरोबरी नाही, हे उघड आहे. परंतु युरिया केवळ नत्र देतो, चोथा जमिनीस सेंद्रिय अंशही देतो. मात्र कच्चा चोथा थेट रोपांच्या बुंध्याशी टाकू नये. तो कुजत असता जमिनीतलेच नत्र ओढून घेतो व कोवळ्या रोपांची वाढ खुंटते. त्यास पालापाचोळ्यासह खड्ड्यात कुजू द्यावे लागते. इंदूरची शिकवण हीच होती.

कायद्यानेही ही गोष्ट उशिराच ओळखली. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. सेंद्रिय खतांस त्यात स्थान मिळाले ते २००६ साली. ओला कचरा घरीच वेगळा ठेवण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. वकिलीत एक साधे तत्त्व शिकावयास मिळते: दुसऱ्याच्या मालमत्तेचा उपभोग घेतला की हिशेब द्यावा लागतो. जमिनीपुढे मात्र आपण हा हिशेब कधी मांडला नाही.

आपण देवऋण, ऋषिऋण व पितृऋण मानतो. उत्सवाच्या पंक्तीनंतर पातेलेभर चोथा व टोपलीभर निर्माल्य उरते. निर्माल्य पायदळी तुडवू नये म्हणून ते आपण नदीत सोडतो, आणि नदी मलिन करतो. देवळाच्या आवारात एखादा खड्डा खणून दोन्ही त्यात घालावीत. तीन महिन्यांनी तेच देवाच्या तुळशीस घालता येईल. देवास वाहिलेले पुन्हा देवासच पोचेल, आणि भूमीचे ऋण थोडे तरी फिटेल.