पदपथावरील वैद्यकसेवा

पदपथावरील वैद्यकसेवा : बेघर माणसे जिथे राहतात तिथेच जाऊन – पदपथ, पुलाखालची जागा, रेल्वेस्थानक, देवळाची पायरी – त्यांना प्राथमिक उपचार देण्याची, बहुधा स्वयंसेवकांनी चालवलेली सेवा. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७.७ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर नोंदले गेले. ही मोजणी एका रात्रीत, २८ फेब्रुवारीला झाली. रोज जागा बदलणारी, पोलिसांना पाहून उठून जाणारी माणसे अशा मोजणीत पूर्ण सापडणे शक्य नाही.

सरकारी रुग्णालय जवळ असूनही बेघर रुग्ण तिथे जात नाही, हे या सेवेच्या गरजेचे मूळ आहे. केसपेपरच्या रांगेत दिवसाची मजुरी बुडते. बोचके मागे ठेवले तर परत मिळत नाही. पत्ता विचारला की उत्तर नसते आणि दाखल करायची वेळ आली की ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न येतो. तातडीचे उपचार कोणत्याही औपचारिकतेसाठी अडवू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच दिला. पण पायातली जुनी जखम किंवा महिनाभराचा खोकला ‘तातडी’त बसत नाही, आणि बेघरांचे बहुतेक आजार असेच रेंगाळणारे असतात.

बंगळूरचे राजाजीनगर या अडचणीचे चांगले उदाहरण आहे. औद्योगिक वसाहतीसह वाढलेल्या या उपनगरात राज्य कामगार विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र ही योजना विमा काढलेल्या कामगारासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी आहे. उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेला, कोणत्याच हजेरीपटावर नाव नसलेला मजूर त्याच रस्त्यावर झोपत असला तरी तिच्या कक्षेबाहेर राहतो. नुसता निवारा देऊनही प्रश्न सुटत नाही. शहराच्या त्याच पश्चिम भागात, मागडी रस्त्यावर, सरकारी निराश्रित केंद्र आहे. ऑगस्ट २०१०मध्ये तिथे थोड्याच दिवसांत वीसहून अधिक निराश्रितांचे मृत्यू झाले. छप्पर होते; पुरेशी वैद्यकीय देखरेख नव्हती.

महाराष्ट्रात या कामाचे सर्वांत परिचित नाव पुण्याचे डॉ. अभिजित सोनवणे. ‘भिक्षेकऱ्यांचे डॉक्टर’ म्हणून ते ओळखले जातात. एका आंतरराष्ट्रीय संस्थेतील मोठ्या पगाराची नोकरी सोडून १५ ऑगस्ट २०१५ पासून त्यांनी पत्नी डॉ. मनीषा यांच्यासह सोहम ट्रस्टमार्फत हे काम सुरू केले. भिक्षेकरी वारांप्रमाणे फिरतात : सोमवारी शंकराच्या देवळापाशी, गुरुवारी दत्ताच्या किंवा साईबाबांच्या, शुक्रवारी मशिदीबाहेर, शनिवारी मारुती-शनीपाशी. म्हणून डॉक्टरांचे वेळापत्रकही देवांच्या वारांवर बेतलेले. दुचाकीला औषधांची पेटी अडकवून ते पायरीवरच्या आजीशेजारी जमिनीवर बसतात आणि तिथेच तपासतात. गंभीर रुग्णांना रुग्णालयात नेणे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करवणे ही पुढची पायरी. त्यानंतर भीक सोडून झेपेल ते काम करण्याचा आग्रह सुरू होतो. हा आग्रह त्यांच्या कामाचा गाभा आहे. एरवी औषध देऊन मोकळे होणाऱ्या शिबिरांहून तो वेगळा ठरतो, आणि तो चालतो याचे कारण नाते आधी जुळलेले असते. त्याच ठिकाणी, त्याच वारी, तोच माणूस पुन्हा येणे हेच या सेवेतले सर्वांत मोलाचे औषध म्हणावे लागेल.

पेटीत असते ते साधे : कापूस, गॉज, पट्ट्या, सलाइन, पोव्हिडोन आयोडीन, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, खरजेवर परमेथ्रिनचे मलम, बीपीचे मशीन, साखर तपासण्याचे यंत्र. पावसाळ्यात पायांना चिखल्या होतात, जखमांत अळ्या पडतात. त्या जखमा टर्पेंटाइनचा वापर करून, चिमट्याने एकेक अळी काढून साफ कराव्या लागतात. मधुमेह्याला इन्सुलिन लिहून देणे सोपे असते, पण शीतकपाटाविना ते ठेवणार कुठे? गोळ्यांची पुडीही भिजते किंवा चोरीला जाते. त्यामुळे अनुभवी स्वयंसेवक एका वेळी आठवड्यापुरतेच औषध देतात. कुत्रा चावला तर लस ठरलेल्या दिवशी पुन्हा घ्यावीच लागते, त्यासाठी रुग्णाला सोबत घेऊन जावे लागते. रुग्णालयाच्या अर्जावर ‘नातेवाईक’ या रकान्यात स्वयंसेवकाचीच सही पडते.

मनोरुग्ण बेघरांसाठी डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली मुंबईत श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे काम सुरू केले. २००६ पासून कर्जतला त्यांचे मोठे केंद्र आहे. रस्त्यावरून आणायचे, उपचार करायचे आणि बरे झाल्यावर राज्याबाहेरच्या गावीही घरी पोहोचवायचे, अशी त्यांची रीत. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) परिसरात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानने रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर उभारले.

बेघरपणा आजारातूनही येतो. मुंबईत परळला टाटा कर्करोग रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर दूरच्या गावांहून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे आप्त मुक्कामाला असतात. अशा रुग्णांना आसरा देणारी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा या संदर्भात विसरता येणार नाही.

भारतात या पद्धतीचा ठळक आरंभ कोलकात्यात झाला. ब्रिटिश डॉक्टर जॅक प्रेगर यांनी १९७९च्या सुमारास तिथे काम सुरू केले आणि मिडलटन रो येथील त्यांचा पदपथावरचा दवाखाना गाजला. अमेरिकेत पिट्सबर्गचे डॉ. जिम विदर्स १९९२ पासून रात्री रस्त्यांवर फिरू लागले. एकेकाळी स्वतः बेघर असलेला सोबती त्यांना वाट दाखवत असे. ओळखीच्या माणसाने ओळख करून दिल्यावाचून रस्त्यावरचा रुग्ण हात पुढे करत नाही, हे पुण्यातही तितकेच खरे आहे.

या सेवेला मर्यादा आहेत. डॉक्टर नसलेल्या स्वयंसेवकाने मलमपट्टी, रक्तदाब मोजणे, रुग्णाला पोहोचवणे याच्या पुढे जाऊ नये. प्रतिजैविके त्याने स्वतःच्या मनाने देणे धोक्याचे आहे. दानात आलेली मुदत संपलेली औषधे स्वीकारणे हा तर रुग्णाचा अपमान आहे. क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो आणि तो मध्येच तुटला तर औषधाला न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो. इथे कायदाच आड येतो. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ खाली धरपकड झाली की रुग्ण एका रात्रीत जागेवरून नाहीसा होतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्राला तो निकाल लागू नाही. त्यामुळे इथल्या स्वयंसेवकाला नाहीशा झालेल्या रुग्णाचा शोध भिक्षेकरी गृहापर्यंत घ्यावा लागतो आणि त्याच्या गोळ्या तिथल्या अधिकाऱ्याच्या हाती द्याव्या लागतात.